मूनलाइट रोडवरची कुत्री

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. या वीकेंडला रिलीज नाही, बाहेर पाऊस आहे, चहाचा थर्मास भरलेला आहे, तेव्हा आज लिहूनच टाकते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या. :)

तर झालं असं. २५ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, सरी काउंटी नावाच्या खेडवळ भागात, १९१५ मूनलाइट रोड या पत्त्यावर पोलिसांनी धाड घातली. गेले होते ते ड्रग्जच्या प्रकरणात. तिथे राहणारा एक तरुण पकडला गेला होता आणि त्याच्या घराची झडती घ्यायची होती. घर पांढरंशुभ्र, मोठं, रस्त्यावरून बघितलं तर संशय यावा असं काहीच नाही. मागच्या झाडीत मात्र काळ्या रंगाच्या शेड्स होत्या आणि त्यांच्या आसपास साठाहून जास्त कुत्री, बहुतेक सगळी पिट बुल. काहींच्या गळ्यातल्या जाड साखळ्या जमिनीत पुरलेल्या मोटारींच्या अ‍ॅक्सलना बांधलेल्या होत्या. अ‍ॅक्सल अशासाठी की तो फिरतो, त्यामुळे साखळीला पीळ बसत नाही. आणि दोन कुत्र्यांमधलं अंतर असं की ती एकमेकांना दिसतील, एकमेकांवर भुंकतील, पण पोचणार नाहीत. कुणीतरी बसून मापं काढून केलेलं काम होतं हे.

घर मायकेल व्हिकचं होतं. ज्यांना अमेरिकन फुटबॉलशी देणंघेणं नाही (मलाही नाही) त्यांच्यासाठी सांगते: व्हिक हा अटलांटा फाल्कन्स संघाचा क्वार्टरबॅक होता. २००४ च्या शेवटी त्याने दहा वर्षांसाठी १३ कोटी डॉलर्सचा करार केला होता, यावरून काय ते समजा. पकडला गेलेला तरुण त्याचा चुलतभाऊ. २००७ च्या जुलैत केंद्र सरकारच्या वकिलांनी व्हिक आणि त्याच्या साथीदारांवर आरोप ठेवले, ऑगस्टमध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि डिसेंबरमध्ये न्यायाधीश हेन्री हडसन यांनी त्याला २३ महिन्यांची शिक्षा दिली. 'बॅड न्यूज केनल्स' या नावाने चालणाऱ्या या धंद्यात कुत्र्यांच्या झुंजी लावल्या जात आणि चाचणीत नीट न लढणारी कुत्री मारून टाकली जात. कशी मारली जात ते मी इथे लिहीत नाही. कबुलीजबाबात आहे, आणि एकदा वाचल्यावर डोक्यातून जात नाही.

व्हिकची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तो सुटला, २००९ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघातून परत खेळला, त्यावर भरपूर वाद झाले. मला त्याच्यात फारसा रस नाही. मला पडलेला प्रश्न वेगळाच होता. त्या कुत्र्यांचं पुढे काय झालं?

आता गंमत बघा. सरकारने या कुत्र्यांवर जो दावा लावला त्याचं नाव होतं 'अमेरिका विरुद्ध अंदाजे ५३ पिट बुल कुत्री'. अंदाजे! गुन्ह्यात वापरलेली मालमत्ता जप्त करायची तर खटला त्या मालमत्तेविरुद्धच चालतो, तिथली तशी पद्धतच आहे. गाडी जप्त केली तर गाडीविरुद्ध, कुत्री जप्त केली तर कुत्र्यांविरुद्ध. तर ही 'मालमत्ता' वेगवेगळ्या काउंट्यांच्या सरकारी कोंडवाड्यांमध्ये विभागून ठेवली होती. नावं नाहीत, फक्त काउंटीचं नाव आणि पुढे आकडा. पुरावाच तो, पुराव्याला कोण नाव देतं?

झुंजीच्या धाडीत सापडलेल्या कुत्र्यांचं पुढे काय करायचं याबद्दल तोपर्यंत कुणाला फार विचार करावा लागत नसे. केस चालू असेपर्यंत पिंजऱ्यात ठेवायचं आणि केस संपली की मारून टाकायचं. डीफॉल्ट सेटिंग म्हणा ना. आणि ही सेटिंग बदलायला कुणी वाईट माणसं विरोध करत होती असंही नाही. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या तिथल्या दोन बलाढ्य संस्था, ह्यूमेन सोसायटी ऑफ द युनायटेड स्टेट्स आणि पेटा, दोघांचंही मत हेच होतं की ही कुत्री सुधारण्याच्या पलीकडची आहेत, त्यांना शांतपणे मरण द्यावं. त्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. शेल्टरमध्ये जागेअभावी रोज धडधाकट, माणसाळलेली कुत्री मारली जात होती. मग झुंजीसाठी पैदास केलेल्या, कधी काय करतील याचा नेम नसलेल्या कुत्र्यांवर पैसा का घालवायचा? उद्या त्यातल्या एकाने लहान मुलाला चावलं तर जबाबदार कोण? मी या वादात तेव्हा असते तर कदाचित याच बाजूला मान डोलावली असती.

पण इथे दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक म्हणजे अख्ख्या अमेरिकेचं लक्ष या केसकडे होतं. दुसरी म्हणजे पैसा. कोर्टाने व्हिकला कुत्र्यांच्या देखभालीसाठी ९,२८,०७३ डॉलर्स भरायला लावले. सरकारी वकिलांनी ठरवलं की मारायचंच असेल तर निदान एकेक कुत्रं तपासून मग ठरवू.

सप्टेंबर २००७ मध्ये ही तपासणी झाली. तोपर्यंत ४९ कुत्री उरली होती. एएसपीसीए या जुन्या संस्थेचे डॉ. स्टीफन झाविस्टोव्स्की यांच्या नेतृत्वाखाली प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक आले. सोबत कॅलिफोर्नियातल्या 'बॅड रॅप' या छोट्याशा संस्थेचे टिम रेसर आणि डॉना रेनल्ड्स होते. यांचं सगळं आयुष्य पिट बुल कुत्र्यांत गेलेलं. प्रत्येक कुत्र्याला बाहेर काढायचं, अनोळखी माणूस जवळ आला की काय करतं ते बघायचं, खाताना त्याच्या भांड्यात प्लास्टिकचा हात घालायचा, लहान मुलाएवढी बाहुली दाखवायची, दुसरं कुत्रं समोर आणायचं. आणि शेवटी पाच खणांपैकी एका खणात टाकायचं: फॉस्टर आणि निरीक्षण, पोलिसी काम, सँक्चुअरीचे दोन प्रकार, आणि शेवटचा खण मृत्यूचा.

जाताना या मंडळींचा अंदाज होता की फार तर मूठभर वाचतील. प्रत्यक्षात आक्रमक म्हणून शेवटच्या खणात गेलं फक्त एक. एक कुत्री, जिच्यावर पिल्लांसाठी इतके अत्याचार झाले होते की तिच्या जवळ जाणं कुणालाच शक्य नव्हतं. आणखी एक आजारपणामुळे गेलं. बाकीची ४७ शिल्लक.

पण मग ती चांगली होती का? तर तसंही नाही. तपासणी करणाऱ्यांना जे सापडलं ते कुणी अपेक्षिलंच नव्हतं. ज्यांना राक्षस समजून जाड हातमोजे घालून जायची तयारी केली होती, त्यातली कित्येक कुत्री माणूस दिसताच जमिनीला चपटी चिकटायची. पोट खाली, पाय पसरलेले, मान जमिनीत घुसवलेली, आणि थरथर. या मंडळींनी त्यांना नावच पाडलं, पॅनकेक कुत्री. आपण म्हणू धिरडं. तव्यावर पसरल्यासारखी. दोरी ओढली तरी उठायची नाहीत. उचलूनच न्यायला लागायचं.

याचं कारण समजायला थोडं मागे जावं लागेल. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरच्या जॅक्सन लॅबोरेटरीत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर कुत्र्यांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं प्रयोग करत होते. तिथलाच एक प्रयोग १९६१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. काही पिल्लं उंच कुंपणाच्या शेतात वाढवली, खायला मिळेल पण माणूस दिसणार नाही अशी. मग वेगवेगळ्या वयाला त्यातली काही आत आणून आठवडाभर माणसांत ठेवली. पाच-सात आठवड्यांची असताना माणूस भेटलेली पिल्लं पटकन माणसाळली. ज्यांना १४ आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही ती मात्र रानटी जनावरासारखी घाबरून राहिली, नंतर मेहनत घेऊनही. म्हणजे जन्मानंतरच्या पहिल्या तीनेक महिन्यांत एक खिडकी उघडी असते. तेवढ्यात जे जग दिसेल ते आपलं, नंतरचं सगळं परकं.

आता मूनलाइट रोडवरच्या अ‍ॅक्सलना बांधलेल्या कुत्र्यांचा विचार करा. त्यांनी जिना बघितलेला नव्हता. फरशी नाही, आरसा नाही, टीव्ही नाही, कुकरची शिट्टी... (बरं, अमेरिकेत कुकर नसेल, पण मुद्दा कळला असेल.) त्यांच्या बाबतीत खरा प्रश्न क्रौर्याचा कमी आणि भीतीचा जास्त होता. आणि घाबरलेलं कुत्रं कोपऱ्यात सापडलं की चावतं. म्हणून भीतीला सोपं समजू नये.

इथून पुढे गोष्ट फॉस्टर लोकांची होते. या शब्दावर थोडं थांबते, कारण मराठीत याला चपखल शब्दच नाही. दत्तक घेणं आपल्याला ठाऊक आहे. पण 'आज घरी आण, त्याला बरं कर, आणि ज्या दिवशी ते तुझ्या पायाशी निवांत झोपायला लागेल त्या दिवशी दुसऱ्याला देऊन टाक' या व्यवहाराला काय म्हणणार? पुण्या-मुंबईत रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी झटणारी मंडळीसुद्धा सरळ 'फॉस्टर' म्हणतात. तेव्हा मीही तेच म्हणते.

पहिल्या खणाचं नाव 'फॉस्टर आणि निरीक्षण' असं जोडून होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणजे तपासणी करणाऱ्यांनीच कबूल केलं होतं की पंधरा-वीस मिनिटांच्या चाचणीतून आम्हाला पूर्ण कळलेलं नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच पटेल. टेस्ट सर्व्हरवर जे चालतं ते खऱ्या सर्व्हरवर चालेलच असं नाही, आणि उलटही. कोंडवाड्याचा पिंजरा हा तर सगळ्यात वाईट टेस्ट सर्व्हर. चोवीस तास भुंकण्याचा आवाज, फिनाइलचा वास, सिमेंटची जमीन, महिनोन्‌महिने. तिथे दिसलेलं वागणं कुत्र्याचं किती आणि पिंजऱ्याचं किती, हे घरात नेल्याशिवाय कळायचा मार्ग नाही. घर हे इथे इनामही होतं आणि मोजपट्टीही.

२००७ च्या ऑक्टोबरमध्ये कोर्टाने रेबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिकेला या कुत्र्यांची पालक म्हणून नेमलं. कोणतं कुत्रं कुणाकडे जाईल हे त्यांनी ठरवायचं. संस्थांचे अर्ज तपासायचे, विमा आहे का, अनुभव आहे का बघायचं. त्याच महिन्यात बॅड रॅपच्या लोकांनी भाड्याच्या मोठ्या आरव्ही गाडीत तेरा कुत्री घातली आणि देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात आणली. तिथे ती वेगवेगळ्या घरांत गेली. पुढे एकूण आठ संस्थांमध्ये ४७ कुत्री वाटली गेली. सगळ्यात अवघड २२ कुत्री २००८ च्या जानेवारीत युटामधल्या 'बेस्ट फ्रेंड्स' या संस्थेच्या सँक्चुअरीत पोचली. व्हिकच्या पैशांतला जास्त वाटा अर्थातच यांच्यासाठी होता, कारण यातली काही आयुष्यभर तिथेच राहणार हे उघड होतं.

फॉस्टर घरात नेमकं काय करतात? ऐकायला अगदी कंटाळवाणं आहे. पहिले काही दिवस काहीच करायचं नाही. एक पिंजरा, त्यावर चादर, शांत कोपरा, ठरलेल्या वेळी खाणं, ठरलेल्या वेळी बाहेर. पाहुणे नाहीत, कौतुक नाही, शेजाऱ्यांना दाखवणं नाही. दुसरं कुत्रं घरात असेल तर दोघांना एकटं कधीच सोडायचं नाही, मधे दार हवंच. मग हळूहळू भीतीची एकेक गोष्ट घ्यायची. कचऱ्याचा डबा दिसला की धिरडं होतं ना? मग डबा इतका लांब ठेवायचा की कुत्र्याला दिसेल पण घाबरवणार नाही, आणि तेवढ्यात चिकनचा तुकडा. उद्या वीतभर जवळ. परवा पुन्हा थोडं मागे, कारण आज ट्रक गेला आणि सगळं ओम् फस् झालं.

ही युक्ती कुत्र्यांच्या ट्रेनरांनी शोधलेली नाही. मेरी कव्हर जोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईने १९२४ मध्ये एका लहान मुलावर केलेल्या कामाबद्दल लिहिलं. पीटर नावाचा तीनेक वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. तिने त्याला आवडीचा खाऊ देऊन बसवलं आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या लांबच्या टोकाला आणला. दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला कुरवाळायला लागला. ही बाई अख्ख्या शतकाला पुरून उरली, पण तिचं नाव आपण कितीदा ऐकतो?

बेस्ट फ्रेंड्समध्ये तर या सगळ्याची रीतसर नोंद ठेवली जाई. भीती किती, आत्मविश्वास किती, माणसांत मिसळणं किती, असे रोज प्रत्येक कुत्र्याला आकडे. त्यातल्या दत्तक जाऊ शकणाऱ्या कुत्र्यांनी आधी 'केनाइन गुड सिटिझन' नावाची सभ्य वागणुकीची परीक्षा पास व्हावी अशी कोर्टाची अट होती. माणसांनाही अशी परीक्षा असती तर बरं झालं असतं. असो.

निकाल थक्क करणारे होते. जॉनी जस्टिस नावाचा काळा-पांढरा कुत्रा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका घरात आला तेव्हा जिन्याला भ्यायचा. पुढे तो वाचायला अडखळणाऱ्या मुलांशेजारी बसून त्यांचं वाचन ऐकायचं काम करायला लागला. ज्याच्यासमोर चुकलं तरी तो हसत नाही असा श्रोता! २०१४ मध्ये एएसपीसीएने त्याला वर्षातला सर्वोत्तम कुत्रा म्हणून गौरवलं. लिओ कॅन्सरच्या पेशंटना भेटायला जायचा. छातीवर झुंजीचे व्रण असलेला हेक्टर मिनेसोटात थेरपी डॉग झाला.

वर्तमानपत्रांना हीच तीन-चार नावं आवडतात, आणि मला तिथेच थोडं खटकतं. कारण सगळ्यांचं असं झालं नाही. लुकास आणि मेरिल या दोघांना कोर्टाच्या हुकमाने सँक्चुअरीबाहेर जायलाच बंदी होती. लुकास झुंजींचा चँपियन होता, म्हणजे उद्या कुणी त्याला पळवून पुन्हा त्याच धंद्याला लावेल अशी भीती. माणसांवर तो अतिशय प्रेम करायचा म्हणे. मेरिलला अनोळखी माणसं चालत नसत, पण ज्यांना ओळखायची त्यांच्या मांडीवर येऊन बसायची. दोघंही तिथेच राहिली, तिथेच गेली.

आणि जॅस्मिन. डिसेंबर २००८ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या खेळाच्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर जिम गोरांट यांच्या लेखासाठी तिचा फोटो आला. मेरीलँडमधल्या एका घरात ती फॉस्टर म्हणून होती. महिनोन्‌महिने ती पिंजऱ्यातून आपणहून बाहेर यायची नाही. बाहेर न्यायचं तर उचलून. तिला सांभाळणाऱ्या बाईंनी घाई केली नाही. दुसऱ्या कुत्र्यांच्या सोबतीने, गवतात, हळूहळू ती थोडी मोकळी झाली. थोडीच. थेरपी डॉग वगैरे होण्याचा प्रश्नच नव्हता. २००९ मध्ये ती पळाली आणि गाडीखाली सापडून गेली. म्हणजे साधारण दीडेक वर्ष. त्याला यश म्हणायचं की अपयश, हा प्रश्न मला कुणी विचारला तर मी म्हणेन की तक्त्यात तसा रकानाच नको. ज्या बाईंनी तिला रोज उचलून अंगणात नेलं त्यांना विचारा.

आता ज्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. २००९ चा फेब्रुवारी. नॉर्थ कॅरोलायनातली विल्क्स काउंटी. तिथेही झुंजीच्या कुत्र्यांवर धाड पडली होती, शंभराहून जास्त पिट बुल सापडले होते, त्यात पिल्लंही होती. काही तर जप्तीनंतर, सरकारी ताब्यात असताना जन्मलेली. काही संस्थांनी विनंती केली की एकेक कुत्रं तपासू द्या, आम्ही मदत करतो. कोर्टाने ऐकलं नाही. ह्यूमेन सोसायटीने जुनीच शिफारस केली. सगळी मारली गेली. पिल्लांसकट. कुणीच तपासलं नाही.

शेजारशेजारची दोन राज्यं, मधे जेमतेम सव्वा वर्ष. एका बाजूला न्यायालयाने नेमलेली पालक, आरव्ही गाडी, मुखपृष्ठ. दुसऱ्या बाजूला काही नाही. कुत्र्यांमध्ये फरक होता असं मानायला जागा नाही. फरक मालकाच्या प्रसिद्धीचा आणि त्याच्या पैशांचा होता. व्हिकची कुत्री सुदैवी अशासाठी की त्यांच्यावर अत्याचार करणारा माणूस कोट्यधीश होता. हे वाक्य लिहिताना मला विचित्र वाटतंय, पण दुसरं कसं लिहू?

मात्र विल्क्सचा गदारोळ एवढा झाला की त्याच वर्षी एप्रिलमध्ये लास व्हेगासला या सगळ्या संस्था एकत्र बसल्या आणि ह्यूमेन सोसायटीने धोरण बदललं. झुंजीतून आलेल्या प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी व्हावी, ही आता त्यांची शिफारस झाली. लगेच जुलैत मिसुरीत प्रचंड मोठी धाड पडली, चारशेहून जास्त कुत्री. तिथे तपासणी झाली. बरीच तरीही मारावी लागली, पण शेकड्याने घरंही मिळाली. फ्लोरिडात तर कायदाच असा होता की झुंजीच्या धाडीत सापडलेलं कुत्रं आपोआप 'धोकादायक' ठरायचं. तो २०११ मध्ये बदलला.

हे बदलायला युक्तिवाद पुरला नसता असं मला वाटतं. युक्तिवाद तर २००७ मध्येही होते. २००९ पर्यंत कामाला आलं ते एवढंच की देशभरातल्या काही घरांत, सोफ्यावर, व्हिकची कुत्री पसरलेली होती आणि कुणीही येऊन बघू शकत होतं. त्या घरांतल्या बहुतेक माणसांची नावं कुणाला माहीत नाहीत. त्यांनी चादरी धुतल्या, रात्री दोनला उठून अंगणात उभं राहिले, पाहुण्यांना घरी बोलावणं बंद केलं.

या ४७ जणांतलं शेवटचं कुत्रं फ्रोडो. धाड पडली तेव्हा तो जेमतेम पिल्लूपणातून बाहेर येत होता. कॅलिफोर्नियातल्या एका कुटुंबाकडे आला आणि तिथेच राहिला. स्वभावाने शेवटपर्यंत थोडा बुजरा. डिसेंबर २०२१ मध्ये, १५ वर्षांचा होऊन, तो घरी गेला तेव्हा त्याच्या आजूबाजूला त्याची माणसं होती.